न रडणाऱ्या बाळांचे डॉक्टर

बाळ अजिबात रडत नाही असं एखाद्या आजीनं कौतुकानं सांगितलं, की आमच्या डॉक्टरांचा चेहरा पडायचा. बाळाला सणसणून ताप असला तरी ते इतके घाबरत नसत.

"अजिबात न्हाय?" ते विचारायचे. "भूक लागल्यावर? अंगाखाली ओलं झाल्यावर? आई दाराबाहेर गेल्यावर?"

आजी आणखीच फुलून सांगायची, "न्हाय वो. लई गुणाचं हाय."

मग डॉक्टर स्टेथोस्कोप टेबलावर टाकत आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागत. खोली चार पावलांची. चार पावलं जायची, वळायचं, परत चार पावलं. बाहेर बाकावर खोकणारी, कण्हणारी माणसं दाटीनं बसलेली. आत आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत उभे.

दवाखाना शिवाजी पेठेत, एका तालमीच्या मागच्या बाजूला होता. इंटर्नशिप संपवून, पुढच्या शिक्षणाची परीक्षा देईपर्यंत वर्षभर कुठंतरी काम करावं म्हणून मी तिथं लागले. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वर्षाची चार वर्षं झाली, ती या माणसामुळं. त्यांचा कंटाळा येत नव्हता हे एक, आणि त्यांच्याशी भांडण संपत नव्हतं हे दुसरं.

डॉक्टर कधी बसत नसत. त्यांची म्हणून जी मोठी, हातांची खुर्ची होती, ती बाळ घेऊन आलेल्या बाईसाठी. स्वतः उभ्यानं तपासायचे, उभ्यानं लिहायचे, दुपारी भाकरीसुद्धा हातात घेऊन दाराशी फिरत खायचे. महिन्या-दीड महिन्याचं बाळ आलं, की आधी त्याच्यासमोर तोंड नेऊन हळूच जीभ बाहेर काढायचे आणि थांबायचे. पुष्कळदा ते बाळ टक लावून बघायचं, आणि बऱ्याच वेळानं आपलीही इवलीशी जीभ बाहेर काढायचं. "बघितलंस?" ते आईला ओरडून सांगायचे. "बोलतंय! उत्तर देतंय!" वस्तीतल्या बायका त्यांना जीभ काढणारा डाक्टर म्हणायच्या. पेठेतली शिकलेली मंडळी आणखी काय काय म्हणायची.

लहान मुलाच्या केसपेपरवर वजन, ताप, लस याखाली ते एक ओळ घालायचे : आवडतं माणूस कोण? हे आईबापाला विचारायचं काम माझं. लोक गोंधळायचे. बाप लाजायचे. एकानं गंभीरपणे सांगितलं, "शेजारच्यांची म्हैस." मी हसून ओळ मोकळी सोडली, तर डॉक्टरांनी पेन काढून घेतलं आणि स्वतः 'म्हैस' असं लिहिलं. "कुणीतरी हाय न्हवं त्याचं," म्हणाले. "ज्याचं कुणीच न्हाय, ते मूल शोधायचं आपल्याला."

पेठेतला माणूस म्हटल्यावर फुटबॉल आलाच. पण सामन्यालाही ते मैदानाकडं पाठ करून उभे राहायचे, कारण मागच्या पायऱ्यांवर माणसं पोरं घेऊन बसलेली असत. एकदा एका गड्याच्या मांडीवर आठ-नऊ महिन्यांची पोरगी होती. ती त्याची हनुवटी ओढून तोंड आपल्याकडं वळवत होती. डॉक्टर त्याच्यावर खेकसले, "अरे, पोरगी हसतीया तुझ्याकडं बघून. बघ की तिच्याकडं!"

"अवो डॉक्टर, पेनल्टी हाय!"

"पेनल्टी उद्याच्या पेपरात येईल. हे येणार हाय का?"

तो गडी बिचारा पोरीकडं बघत राहिला. तेवढ्यात गोल झाला. त्यानंतर महिनाभर तो आम्हाला रस्त्यात दिसला की तोंड फिरवून जायचा.

मला हे सगळं मजेशीर वाटायचं आणि रागही यायचा. बाहेर जुलाबाची पोरं, क्षयाची माणसं. नदीकडच्या उतारावरच्या वस्तीत नळाला दोन दिवसांआड पाणी. आणि हा माणूस बाळ कुणाकडं झेपावतं ते लिहीत बसतो! मी तसं तोंडावर म्हणायची. ते चिडत नसत. "तुझं बरोबर हाय," म्हणत, आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू.

आमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांची महिन्यातून एकदा बैठक व्हायची. एका बैठकीत यांनी तान्ह्या बाळाचं मन या विषयावर बोलायचं ठरवलं. बोलले, पण टेबलाभोवती फिरत बोलले, त्यामुळं ऐकणाऱ्यांच्या माना दुखल्या. शेवटी एक वयस्क डॉक्टर म्हणाले, "तान्ह्याला मन कुठलं आलंय? तान्ह्याला पोट असतं." हशा झाला. दुसरे म्हणाले, "वस्तीतल्या पेशंटला माझ्याकडं दोन मिनिटं मिळतात. त्यात मी खोकला बघू का बाळाचं हसू बघू?" तिसरे, तरुण होते, त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "सर, दिसतं हो आम्हालाही. पण दिसल्यावर पाठवायचं कुठं?"

मग राजारामपुरीकडच्या एक बाई डॉक्टर उठल्या. त्यांचं बोलणं मला अजून आठवतं. "तुम्ही हे आईला कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "बाळ हसत नाही म्हटलं की घर आईकडंच बोट दाखवणार. तिचं ऐकणारं आधीच कुणी नसतं. त्यात आता डॉक्टरही."

डॉक्टर फिरायचे थांबले. परतताना ते इतके तरातरा चालले की मला पळावं लागलं.

पिंकी आली ती त्यानंतर दोनच महिन्यांनी.

सात महिन्यांची होती. आजीच्या कडेवर आली, मागं आई, सुमन. नदीकडच्या वस्तीतलं बौद्ध कुटुंब. आजी महापालिकेत झाडूकामाला होती, नवरा बिद्रीकडं साखर कारखान्यावर हंगामी कामगार, हंगाम चालू असला की तिकडंच. सुमनचं माहेर हुपरीचं. चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडायचं काम ती लग्नाआधीपासून करायची, सासरीही तेच घेऊन बसायची.

पिंकीला थोडी सर्दी होती. वजन बरं होतं, लसी झालेल्या. मी नाकात घालायचे थेंब लिहून कागद फाडत होते, तेवढ्यात आजी म्हणाली, "पोरीचा कायसुदिक तरास न्हाय बगा. ठेवली तिथं असती. रडत न्हाय."

डॉक्टर वळले. पिंकीसमोर वाकले, जीभ काढली, टाळी वाजवली, लपून पुन्हा दिसले. पिंकीनं त्यांच्याकडं बघितलं आणि नजर हळूच बाजूला नेली. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, झोप आली असेल. पण तिनं डॉक्टरांकडून नजर नेली ती आईकडंही नाही, आजीकडंही नाही, भिंतीकडं नेली. आई दोन हातांच्या अंतरावर बसली होती, आणि तीही भिंतीकडंच बघत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वस्तीत गेले. मी बरोबर होते. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात पिंकी गोधडीवर. सुमन तिच्याकडं पाठ करून कड्या जोडत होती. आम्ही तासभर होतो. पिंकीनं एकदा ओठ काढले, चेहरा रडण्यासारखा झाला, आणि मग आवाज न होताच तो परत मिटला.

आणि तिथं डॉक्टरांचा तोल गेला. आजी दारात, दोन शेजारणी उंबऱ्याशी. सगळ्यांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "ही पोरगी रडायची थांबलीया, कारण रडून कोण येत न्हाय हे तिला कळलंय!"

सुमनच्या हातातली कडी खाली पडली.

चार दिवसांनी आजी एकटीच पिंकीला घेऊन आली. सुमन कुठं आहे विचारलं तर म्हणाली, "लावली म्हायेराला. डाक्टरच म्हनला न्हवं, पोरीला आय असून नसल्यावानी हाय. मग कशाला ठेवायची?"

डॉक्टर पांढरेफटक झाले. मला त्या बाई डॉक्टरांचं बैठकीतलं बोलणं आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, कारण ते माझ्याकडं बघेनात. बाहेर एवढी गर्दी असताना त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि आम्ही स्टँडवर जाऊन हुपरीची बस पकडली.

बस अर्धी रिकामी होती. ते दांडीला धरून उभेच. मी म्हटलं, "बसा की आता." ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले, जणू मी विचारलंच होतं.

"मला दोन पोरी. लहानपणी दोघी गप्प. मी दुपारी जेवायला घरी जायचो, घरात आवाज म्हणून नसायचा. मित्रांना सांगायचो, आमच्या पोरींचा कसला त्रास न्हाय बघा. थोरली झाल्यापासून त्यांची आई दोन वर्षं धड उठत नव्हती. बोलायची न्हाय, पोरीकडं बघायची न्हाय. आणि मी तिला काय देत होतो? टॉनिक. रक्त वाढायचं टॉनिक. डॉक्टरच्या घरात, बघ."

बायको वारून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. थोरली मुलगी पुण्याला असते आणि येत नाही, हेही. का ते त्या दिवशी कळलं. हुपरी येईपर्यंत ते उभेच राहिले.

सुमनच्या माहेरी पुढच्या खोलीत पाच-सहा बायका गोल करून पैंजणाचं काम करत होत्या. सुमन त्यांच्यात. आम्हाला बघून तिनं मान आणखी खाली घातली. तिची आई म्हणाली, "या पावणं, बसा," आणि खुर्ची आणायला धावली.

डॉक्टर सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "सुमन, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तुझी चूक न्हाय ती. वस्तीत ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर जाऊन मी ते परत घेणार हाय. आधी तुला सांगायला आलो."

सुमनचे हात चालूच होते. मग डॉक्टर, खुर्ची आली असतानाही, खाली जमिनीवर तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. अर्धा तास ते हलले नाहीत, बोलले नाहीत. एकामागून एक बायका काम उचलून आत गेल्या.

"पयला दोन वर्षांचा हुता," सुमन अचानक म्हणाली. "काविळीनं गेला. त्याच्यासंगं म्या दिसभर बोलायची. कडी जोडली की त्येला दाखवायची. ही झाली तवा म्या ठरवलं, आता न्हाय. खायाला घालायचं, न्हाऊ घालायचं, बास. पयलं म्या मुद्दाम बघत न्हवते तिच्याकडं. आता बघाय गेलं तरी आत कायच हलत न्हाय, डाक्टर. कायच."

"हा आजार हाय," डॉक्टर म्हणाले. "जसा ताप असतो तसा. ह्याला औषध हाय. ते द्यायची अक्कल माझ्यात न्हाय. ज्याच्यात हाय त्याच्याकडं मी तुझ्यासंगं येतो."

"येड्याच्या डाक्टरकडं?"

"व्हय. लोकांनी इचारलं तर सांग, आमचा डाक्टरच येडा हाय, त्यालाच दाखवाय घेऊन गेलते."

सुमनच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. हसू म्हणण्याइतका नाही.

परत येऊन ते तसेच वस्तीत गेले. गल्लीतच उभं राहून, शेजारणींना हाका मारून गोळा करून, त्यांनी आपलं बोलणं परत घेतलं. आजी कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"तुमी डाक्टर म्हनून आयकलं आमी," ती म्हणाली. "परवा एक बोलला, आज दुसरंच."

"परवा चुकलो, मावशी."

आजीनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "मलाबी दोन गेल्याली. मला कुनी इचारलं?"

डॉक्टर तिच्यासमोर नुसते उभे राहिले. आजीनं पदरानं तोंड पुसलं, आत गेली, पिंकीला गोधडीत गुंडाळून बाहेर आली. "चला," म्हणाली. "हुपरीची गाडी कवा हाय?" पोरीला तिच्या आईकडं तिनं स्वतः नेलं, आणि आठवडाभर तिथंच राहिली.

पुढचे महिने सरळ गेले असं नाही. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडं डॉक्टर सुमनला घेऊन तीन वेळा गेले. चौथ्यांदा ती नवऱ्याबरोबर गेली. गोळ्यांनी आधी तिला नुसती झोप यायची आणि माहेरची माणसं कुरकुरायची. डॉक्टर दर गुरुवारी हुपरीला जायचे. त्यांनी तिला एकच काम सांगितलं होतं. "काम थांबवू नको. फक्त तिला तुझं तोंड दिसंल असं बस. आणि जे करतीस ते तिला सांगत जा." सुमन आधी मेल्यासारख्या आवाजात सांगायची, ही कडी, ही दुसरी कडी. मला वाटायचं, याचा काय उपयोग? डॉक्टरांनाही वाटत असणार. बसमधून उतरले की दवाखान्यात न येता ते रंकाळा तलावाला एक अख्खा फेरा मारून यायचे.

त्याच हिवाळ्यात ऊसतोड करणाऱ्या एका जोडप्याचं तसंच गप्प मूल आमच्याकडं आलं होतं. दोनदा आलं, मग टोळी पुढं गेली, आणि त्या मुलाचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. डॉक्टरांनी तीन-चार फडांवर जाऊन चौकशी केली. केसपेपरवर 'आवडतं माणूस'च्या पुढची जागा कोरी होती. तो कागद ते कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरत होते. कळतं आणि हात पोचत नाही, याचं त्या तरुण डॉक्टरला द्यायचं उत्तर त्यांच्याकडं शेवटपर्यंत नव्हतं.

उन्हाळा लागताना एका सकाळी बाहेर बाकावर एकदम कालवा झाला. महिनाभरापूर्वीच सासरी परतलेली सुमन नंबर मोडून आत घुसली. कडेवर पिंकी, तोंड लालबुंद, गळा काढून रडत होती. सुमनचे केस तिनं मुठीत धरले होते.

"डाक्टर, कायतरी औषध द्या हिला! चार दिस झालं, सोडंना मला. खाली ठेवली की रडतीया. संडासला गेले तरी दारावर बडवतीया. आजीकडं जात न्हाय, बापाकडं जात न्हाय. माझं एक काम हुईना!"

"म्हणजे तू गेलीस की रडते?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय सांगते!"

"आणि परत आलीस की?"

"गप हुतीया. मग पुन्ना सुरू."

डॉक्टर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मीच सुमनला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "चांगलं आहे गं हे. ती तुला ओळखते."

"काय चांगलं वो, ताई!" सुमन ओरडली. मग पिंकीचा चेहरा धरून तिनं तो आपल्याकडं वळवला, "गप गं बया, हाय की मी, कुटं जातीया," असं म्हणाली, आणि मधेच थांबली. आपल्या तोंडून काय निघालं ते जणू तिला आत्ता ऐकू आलं. ती पिंकीकडं बघतच राहिली. पिंकी हुंदके देत तिच्याकडं बघत होती.

त्या दिवशी केसपेपरवर ती ओळ मी न विचारता भरली.

दवाखान्यासमोर तेव्हा एक एसटीडी बूथ होता, काचेचा. हुपरीहून आल्यापासून डॉक्टरांना नवीन खोड लागली होती. भर गर्दीत ते रस्ता ओलांडून बूथमध्ये जायचे आणि दोन मिनिटांत परत यायचे. "कुणाला फोन?" विचारलं तर म्हणायचे, "थोरलीला. काय बोलायचं कळत न्हाय. हवापाणी इचारलं आणि ठेवला." कधी ती फोन उचलायची नाही, कधी तिचा नवरा उचलायचा. असं वर्षभर चाललं. गल्लीतल्या लोकांनी त्यावरही विनोद केले.

माझ्या तिथल्या शेवटच्या महिन्यातली गोष्ट. डॉक्टर असेच बूथमध्ये गेले आणि आलेच नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी एकटीच पेशंट बघत राहिले. लोक चुळबुळायला लागले तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले. काचेतून दिसलं, डॉक्टर बूथमधल्या छोट्या स्टुलावर बसलेले, रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले. ओठ हलत नव्हते.

बूथवाला मला हळूच म्हणाला, "अर्धा तास होत आला बाई. एक शब्द बोलला न्हाय मानूस. लाइन तर चालू हाय."

मी काचेवर टकटक केली. त्यांनी डोळे उघडले, दार इंचभर ढकललं आणि रिसीव्हरवर तळहात ठेवून मला म्हणाले,

"तू बघ आजचं सगळं. रडतीया ती. फोन ठेवू नका म्हणाली."